मोबाईल टॉवरमुळे तेरडा पांढरा होतो का? फुलांच्या रंगामागचा ‘कोड’ समजून घ्या



‘मलकापूर’ असं सर्च केलं की मॅप आधी बुलढाण्याचं दाखवतो, मग कराडजवळचं. मी सांगतोय ते तिसरं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं, आंबा घाटाच्या अलीकडचं. ते माझं गाव. नोकरी पुण्यात, पण फॅमिली ग्रुप अजून मलकापूरचाच. गेल्या पावसाळ्यात त्या ग्रुपवर एक फोटो आला. रस्त्याकडेला गुलाबी तेरड्याचं ताटवं आणि मधोमध दोन-तीन रोपं चक्क पांढऱ्या फुलांची. खाली मेसेज होता, “जवळच टॉवर झालाय, बघा रेडिएशनचा परिणाम. पुढे पाठवा.”

पुढे बऱ्याच जणांनी पाठवलाही. म्हणून म्हटलं, यावर नीट लिहूया. कारण पांढऱ्या तेरड्यामागची खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि ती तपासायला लागणारं निम्मं सामान तुमच्या खिशात आहे.

आधी टॉवरचा विषय संपवूया

मोबाईलच्या लहरी रेडिओ लहरी आहेत. फोर-जी असो वा फाइव्ह-जी, या लहरींच्या एका कणाची ऊर्जा डीएनएमधला रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा हजारो ते लाखो पटींनी कमी असते. एक्स-रे किंवा कडक अतिनील किरणांची गोष्ट वेगळी. ते बंध तोडू शकतात. रेडिओ लहरी ते करू शकत नाहीत.

दुसरा मुद्दा त्याहून सोपा आहे. समजा एखाद्या कारणाने रोपाच्या एका पेशीतला डीएनए बिघडला. तर त्या पेशीपासून वाढलेला भाग तेवढा वेगळा दिसेल, फार तर एखादी फांदी. इथे मात्र अख्खं रोप, त्याची सगळी फुलं पांढरी आहेत, आणि शेजारची रोपं ठणठणीत गुलाबी. म्हणजे हे रोप पांढरेपणा बियांतूनच घेऊन आलंय. टॉवर उभा राहायच्या आधीपासून ती गोष्ट त्या ताटव्यात होती.

मग ती नक्की काय आहे?

रंग म्हणजे एक असेंब्ली लाइन

तेरडा, जांभूळ, कोकम, गोकर्ण, लाल कोबी, डाळिंबाचे दाणे. या सगळ्यांचा रंग एकाच कुटुंबातल्या रंगद्रव्यांचा आहे. त्यांना अँथोसायनिन म्हणतात. वनस्पती हे रंगद्रव्य एका झटक्यात बनवत नाही. एकामागून एक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम काम करतं. मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक एन्झाइम म्हणजे एक फंक्शन. इनपुट घेतं, थोडा बदल करतं, आउटपुट पुढच्या फंक्शनला देतं.

लाइन साधारण अशी चालते:

१. सुरुवात होते फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून. प्रथिनं बनवायला लागतं तेच हे.

२. काही पायऱ्यांनंतर चाल्कोन सिंथेज नावाचं एन्झाइम येतं. हे या लाइनचं मुख्य गेट. इथून पुढे माल रंगाच्या दिशेने जातो.

३. मग येतात ‘हायड्रॉक्सिलेज’ गटातली दोन एन्झाइम्स. रेणूच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवणं हे त्यांचं काम. किती जोड्या चिकटल्या त्यावर रंगाची छटा ठरते. एकूण एक जोडी असेल तर नारिंगी-लाल, दोन असतील तर लाल-किरमिजी, तीन असतील तर जांभळा-निळा.

४. पुढे डीएफआर आणि एएनएस ही दोन एन्झाइम्स. गंमत म्हणजे डीएफआरपर्यंतचा माल जवळपास रंगहीनच असतो. खरा रंग एएनएसच्या पायरीवर उमटतो.

५. शेवटी त्याला साखरेचा रेणू जोडला जातो, म्हणजे रंग टिकाऊ होतो, आणि तो पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठवला जातो.

आता विचार करा. या लाइनमधलं एकच फंक्शन रिकामं परत आलं तर? पुढच्या फंक्शनला इनपुटच नाही. फूल पांढरं. आणि तिसऱ्या पायरीवरचं एखादं हायड्रॉक्सिलेज बंद पडलं तर? लाइन थांबत नाही, पण वेगळा रंग बाहेर येतो. जांभळ्याऐवजी लाल.

तेरड्यात हे फार आधी पाहिलं गेलंय. अमेरिकेत ऑल्स्टन आणि हेगन या दोघांनी १९५८ मध्ये बागेतल्या तेरड्याच्या वाणांवर काम प्रसिद्ध केलं. जांभळट फुलांत माल्व्हिडिन हे रंगद्रव्य सापडतं. ते तीन जोड्यांच्या शाखेतलं. लाल फुलांत पेलार्गोनिडिन सापडतं, ते एका जोडीचं. म्हणजे नर्सरीत शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांमधला फरक मुळात कुठलं एन्झाइम चालू आहे एवढाच.

गोकर्णाची फुलं घ्या, अजून स्पष्ट होईल

‘ब्लू टी’ म्हणून रील्समध्ये दिसतो तो गोकर्णाचा चहा. निळ्या गोकर्णात टर्नॅटिन नावाची अँथोसायनिन असतात, त्यांच्यावर साखरेचे बरेच रेणू लावलेले असतात. गोकर्णाची एक फिकट जांभळी जात आहे. २००३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ती तपासली तेव्हा त्यात रंगद्रव्य होतं, पण ठरावीक दोन जागांवरची साखर नव्हती. म्हणजे शेवटची पॅकिंगची पायरी सुटली आणि गडद निळ्याचं फिकट जांभळं झालं. पांढऱ्या गोकर्णात तर अँथोसायनिनच नाही.

इथे एक सावधगिरी. गोकर्णाच्या चहात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. तेव्हा जीन बदलत नाही, फक्त आम्लता बदलते आणि त्याच रेणूचा रंग बदलतो. आपल्याकडे म्हणतात ना, तेरड्याचा रंग तीन दिवस. फूल जुनं होताना रंग उडतो तेही असंच. हे सगळे रनटाइमचे बदल. कोड तोच राहतो. आपण बोलतोय ते कोडमधल्या फरकाबद्दल, जो बियांतून पुढच्या वर्षी परत येतो.

आणि प्रत्येक फुलाचा रंग याच लाइनचा असतो असंही नाही. झेंडूचा पिवळा कॅरोटिनॉइडचा. बीट, राजगिरा, बोगनवेल यांचा बीटालेनचा. ती पूर्णपणे वेगळी लाइन आहे.

फंक्शन बिघडलं की स्विच?

सॉफ्टवेअरमध्ये एखादं फीचर चालत नसेल तर दोन शक्यता असतात. फंक्शनमध्येच बग आहे, किंवा फंक्शन नीट आहे पण त्याला कॉल करणारा स्विच बंद आहे. वनस्पतीतही अगदी तसंच. एन्झाइमची जीन्स असतात आणि ती कुठे, कधी चालू करायची हे ठरवणारी वेगळी जीन्स असतात.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण वाटाण्याचं. ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचे वाटाणे होते, शाळेत आपण सगळ्यांनी ते वाचलंय. ते पांढरं फूल नक्की कशामुळे होतं हे कळायला २०१० साल उजाडलं. रॉजर हेलेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एन्झाइम सगळी शाबूत आहेत, बिघडलाय तो स्विच. आणि बिघाड केवढा? डीएनएच्या एका अक्षराचा. ‘जी’च्या जागी ‘ए’. त्या एका अक्षरामुळे संदेश चुकीच्या ठिकाणी कापला जातो आणि स्विच कामाचा राहत नाही. एक सेमीकोलन सुटल्यामुळे रात्रभर जागलेल्या प्रत्येकाला हे लगेच पटेल.

आता रानात उभं राहून हा फरक ओळखता येईल का? पक्का नाही, पण अंदाज येतो. पांढऱ्या रोपाचं खोड आणि पेरं बघा. तिथे लालसर झाक असेल तर लाइन चालू आहे, फक्त पाकळ्यांतला स्विच बंद असावा. रोपावर कुठेच लालसर काही नसेल तर बिघाड मूळ एन्झाइममध्ये किंवा मोठ्या स्विचमध्ये असू शकतो. खरा निकाल मात्र प्रयोगशाळेतच लागतो.

अजून एक जुनी आणि सुंदर चाचणी आहे. दोन वेगळ्या ठिकाणची पांढरी रोपं घ्या आणि त्यांचा संकर करा. पिल्लं रंगीत निघाली तर समजायचं दोघांत बिघाड वेगवेगळ्या जागी होता. एकाने एक चालू फंक्शन दिलं, दुसऱ्याने दुसरं, आणि लाइन पूर्ण झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट यांनी इंग्लंडमध्ये स्वीट पी या फुलात हेच पाहिलं. पांढरा गुणिले पांढरा, उत्तर जांभळा.

पांढरं एक दिसतं, तेव्हा लपलेली किती असतात?

हा या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. गणित आहे, पण सोपं आहे.

प्रत्येक रोपात प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक वेळा एक चालू कॉपी रंग तयार करायला पुरते. म्हणून पांढरं फूल यायला दोन्ही कॉपी बंद लागतात. एक चालू, एक बंद असलेलं रोप गुलाबीच दिसतं. बॅकअप सर्व्हर चालू आहे तोवर साइट चालू, तसंच.

समजा तुम्ही ४०० रोपं मोजली आणि त्यात ४ पांढरी निघाली. म्हणजे १०० मागे १. आता जर रोपांचं परागीभवन आपापसात सरमिसळ होत असेल, तर बंद कॉपीचं प्रमाण म्हणजे ०.०१ चं वर्गमूळ, ०.१. म्हणजे ताटव्यातल्या सगळ्या कॉपींपैकी १० टक्के बंद. मग एक चालू, एक बंद अशी रोपं किती? २ × ०.९ × ०.१ = ०.१८. म्हणजे १०० पैकी १८.

परत वाचा. दिसायला एक पांढरं, आणि गुलाबींमध्ये गपचूप लपलेली अठरा. हा हिशोब १९०८ मध्ये इंग्लंडचे गणितज्ञ हार्डी आणि जर्मनीचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी वेगवेगळा मांडला, म्हणून त्याला हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणतात. अट लक्षात ठेवा: रोपं स्वतःच्याच परागाने बी धरत असतील तर लपलेल्यांची संख्या यापेक्षा कमी येते. तेरड्यावर मधमाश्या येतात, पण एकाच रोपावरच्या एका फुलातून दुसऱ्या फुलातही पराग जातोच. त्यामुळे १८ ला अंदाज समजा, आधार कार्डाचा नंबर नाही.

मग निसर्ग हा ‘बग’ काढून का टाकत नाही?

कारण तो दरवेळी बग असतोच असं नाही. दोन खरी उदाहरणं देतो.

पहिलं अमेरिकेच्या टेक्सासमधलं. तिथे फ्लॉक्स ड्रमंडी नावाचं रानफूल आहे, बहुतेक ठिकाणी फिकट निळं. पण जिथे त्याच्याच कुळातली दुसरी फिकट निळी जात शेजारी उगवते, तिथे हे गडद लाल असतं. रॉबिन हॉपकिन्स आणि मार्क राउशर यांनी २०११ मध्ये दाखवलं की यामागे दोन जीन्सचे बदल आहेत. एक, तीन जोड्यावालं हायड्रॉक्सिलेज, जे कमी झाल्याने निळ्याचा लाल झाला. दुसरा, एक स्विच, ज्याने फिकटाचा गडद झाला. फायदा काय? फुलपाखरं सहसा एका रंगाला धरून राहतात. रंग वेगळा झाला की दुसऱ्या जातीचा पराग कमी येतो, आणि कामाला न येणारं संकरित बी कमी धरतं. म्हणजे एन्झाइम ‘बंद’ करणं हे तिथलं फीचर निघालं.

दुसरं मॉर्निंग ग्लोरीचं, आपल्या गारवेलीच्या कुळातलं. यात पांढरं फूल वेगवेगळ्या बिघाडांनी होतं. चाल्कोन सिंथेज म्हणजे मुख्य गेटच बंद असलेली रोपं कोबर्ली आणि राउशर यांनी तपासली. २००३ मधल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जास्त उष्णतेत या रोपांची फलधारणा कमी झाली. कारण या लाइनवर फक्त रंग बनत नाही. उष्णतेचा ताण सोसायला मदत करणारी द्रव्यंही त्याच गेटमधून जातात. गेट बंद, तर तीही बंद.

म्हणजे दोन फुलं दिसायला सारखीच पांढरी, पण एकाला फक्त रंग गेलाय आणि दुसऱ्याला उन्हाळा जड जातोय. वरवर बघून हे कळत नाही. म्हणूनच रानातला हा फरक शास्त्रज्ञांना एवढा मोलाचा वाटतो. कोणता बदल उद्याच्या हवामानात कामाला येईल हे आज कोणालाच सांगता येत नाही, पण जो बदल हरवला तो रोलबॅक करून परत आणता येत नाही.

हरवतो कसा? तेरडा तर सगळीकडे आहे!

बरोबर. तेरडा ही जात धोक्यात नाही. पण जात वाचणं आणि जातीतली विविधता वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पुन्हा छोटं गणित. समजा एका ताटव्यात बंद कॉपीचं प्रमाण फक्त २ टक्के आहे. अशा ठिकाणी पांढरं रोप २५०० मागे १ दिसेल, म्हणजे जवळपास दिसणारच नाही. आता काही कारणाने त्या ताटव्यातली २० रोपंच उरली. २० रोपं म्हणजे ४० कॉपी. त्या चाळीसही चालू कॉपी असण्याची शक्यता ०.९८ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे ०.४५. म्हणजे ४५ टक्के शक्यता आहे की एका झटक्यात ती विविधता त्या जागेवरून कायमची गेली, आणि ती होती हे कोणाला कळलंही नाही.

आमच्याकडे हे नुसतं गणित नाही. रत्नागिरी-कोल्हापूर हा १६६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग मलकापूरवरून आंबा घाटात जातो आणि त्याचं चौपदरीकरण सुरू आहे. रस्ता हवाच. पावसाळ्यात घाटात अडकलेल्या कोणालाही विचारा. पण तेरडा नेमका वाढतो तो रस्त्याकडेच्या बांधावर, ओल्या दरडीवर. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणीही झाल्या. साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांसोबत जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथली फुलं निदान मोजली तरी जातात. मलकापूर-आंबा रस्त्याच्या कडेचा तेरडा कोण मोजतो?

तुम्ही मोजू शकता.

फोनवर मोजणी कशी करायची

ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे गौरी-गणपतीचा काळ सगळ्यात चांगला.

१. जागा आधी ठरवा, रंग बघून नाही. “या मैलाच्या दगडापासून १०० पावलं” असं ठरवून त्यातलं प्रत्येक फुललेलं रोप मोजा. फक्त पांढरं दिसलं तिथेच थांबलात तर आकडा फुगतो आणि सगळा डेटा वाया जातो.

२. फोटोत एक पांढरा कागद ठेवा. फोनचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सने रंग स्वतःच ‘सुधारतो’, आणि कडक उन्हात फिकट गुलाबी थेट पांढरं दिसतं. सावलीत फोटो घ्या, फिल्टर बंद, ब्राइटनेस थोडा खाली. कागदाशी तुलना केली की खरं पांढरं कुठलं ते कळतं.

३. फुलाचा एक फोटो, खोडाचा एक फोटो. का, ते वर सांगितलंच.

४. शीटमध्ये पाच कॉलम पुरे: तारीख, जागा, एकूण रोपं, पांढरी रोपं, पांढऱ्याचं खोड लालसर की हिरवं. पांढरी भागिले एकूण, त्याचं वर्गमूळ, की बंद कॉपीचा अंदाज तयार.

५. आयनॅचरलिस्टसारख्या अॅपवर टाकलंत तर जाणकार लोक जात तपासून देतात. ओळख पटवणारं एआय जात सांगेल, पण रंगातला फरक त्याच्या हिशोबात नसतो. तो तुम्हीच टिपणात लिहा.

६. दुर्मीळ फूल सापडलं तर लोकेशन उघडं टाकू नका. धोक्यातल्या जातींचं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, पण तेच लोकेशन तुम्ही रीलमध्ये टाकलंत तर काही उपयोग नाही. पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या असतात.

७. पांढरं रोप उपटून घरी नेऊ नका. तेरडा एका वर्षाचं रोप आहे, पुढच्या वर्षाची सगळी आशा त्या फटकन फुटणाऱ्या बोंडांत असते. गौरीसाठी तेरडा आणायची आपली रीत आहे, ती जरूर पाळा. गुलाबींच्या दाट ताटव्यातून घ्या, एकट्यादुकट्या पांढऱ्याला राहू द्या.

एका वर्षाच्या मोजणीने काही सिद्ध होणार नाही. पण त्याच १०० पावलांवर तीन-चार पावसाळे मोजलंत तर प्रमाण स्थिर आहे, वाढतंय की घटतंय ते दिसायला लागेल, आणि ते आकडे कोल्हापुरातल्या कुठल्याही वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी सोनं वाटतील. रस्ता रुंद व्हायच्या आधीचा आकडा मात्र नंतर मिळणार नाही. म्हणून या गणपतीत गावी जाल तेव्हा अर्धा तास काढा. मी आमच्या रस्त्यावरची पहिली १०० पावलं मोजतोय, तुम्ही तुमच्या घाटातली मोजा.